एसटीची वेळ आणि प्रवाशाचा भरवसा

एसटीचा इतिहास सांगताना आपण बहुधा गाड्यांची संख्या, आगारांची संख्या, तोटा आणि संप याच क्रमाने बोलतो. गाडी वेळेवर येत होती का, हा प्रश्न तक्रारपुस्तकापुरता उरतो. वास्तविक महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतला उतारू एसटीकडे का वळला आणि पुढे तिच्यापासून का दुरावला, हे समजून घ्यायचे तर सुरुवात घड्याळापासून करावी लागते. तिकिटाच्या पैशात प्रवासी गाडीतली जागा घेतो हे खरे, पण त्याआधी तो आपण कधी पोहोचू याची खात्री घेत असतो. ही खात्री दोन मार्गांनी देता येते. गाड्या इतक्या पाठोपाठ सोडायच्या की वेळापत्रक बघायची गरजच पडू नये, हा एक मार्ग. गाड्या थोड्या असतील तर त्या सांगितलेल्या वेळेलाच सोडायच्या, हा दुसरा. शहरात पहिला मार्ग चालतो, खेड्यात दुसऱ्यावाचून गत्यंतर नसते. एसटीचा मुख्य संसार खेड्यांत असल्यामुळे वक्तशीरपणा हा तिच्या सेवेचा गाभा होता. जिथे तो ढळला तिथले प्रवासी गेले, आणि ते का गेले याचे उत्तर केवळ भाड्यात किंवा आसनांच्या गादीत शोधून पुरत नाही.

एसटीच्या आधीचा काळ पाहिला म्हणजे हे नीट ध्यानात येते. १९२०च्या दशकात मुंबई इलाख्यात मोटारीने प्रवासी वाहतूक सुरू झाली ती खासगी मालकांच्या हाती. एकेका मालकाकडे एखाददुसरी गाडी, भाडे माणूस पाहून आणि गर्दी पाहून ठरायचे, आणि सुटायची वेळ गाडी भरण्यावर अवलंबून असायची. एका रस्त्यावर चार मालक आले की जो तो दुसऱ्याचे उतारू ओढायच्या मागे. बाजाराच्या दिवशी गाड्यांची झुंबड आणि एरवी रस्ता ओस, असा प्रकार. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने या धंद्याला परवान्याची शिस्त आली. त्या त्या भागातल्या मालकांनी एकत्र येऊन ठरलेल्या मार्गांवर संघाच्या गाड्या चालवाव्यात, अशी व्यवस्था झाली. वेळापत्रक, गाडीत चढण्याची ठरलेली ठिकाणे, कंडक्टर आणि नक्की तिकीट या चार गोष्टी तेव्हा एकत्र दिसू लागल्या. म्हणजे ठरलेल्या वेळेची मागणी एसटीने निर्माण केलेली नाही. ती आधीपासूनच होती आणि खासगी मालकांनाही अखेर तिच्यापुढे जुळवून घ्यावे लागले होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, गाड्यांच्या मागे कोळशाच्या गॅसची भट्टी बसवून त्या चालवाव्या लागल्या, आणि नुकती रुजू लागलेली ही शिस्त पुन्हा विस्कटली.

इथे इतिहासातूनच एक आक्षेप पुढे येतो. वेळ एवढी मोलाची होती तर त्याच काळात या बेभरवशाच्या मोटारींनी रेल्वेचे प्रवासी कसे पळवले? रेल्वेला तर छापील वेळापत्रक होते. मोटारींच्या स्पर्धेने रेल्वेच्या उत्पन्नाला धक्का बसला हे खरेच आहे. त्याची चौकशी करायला सरकारने मिचेल आणि किर्कनेस यांची नेमणूक केली, त्यांचा अहवाल १९३३ साली आला आणि १९३९च्या कायद्याची पार्श्वभूमी त्यातून तयार झाली. पण हे उतारू वेळेला कंटाळून रेल्वे सोडत नव्हते. ते गेले जवळच्या पल्ल्यावर, जिथे आगगाडी दिवसातून दोन-तीनदाच यायची, स्टेशन गावापासून लांब होते आणि मोटार मात्र वेशीजवळून मिळायची. दुपारी दोनची आगगाडी अगदी दोनला सुटली, तरी ज्याचे काम सकाळी दहाला आटोपले आहे त्याच्या दृष्टीने ती चार तास उशिराचीच. गाड्यांची वारंवारता आणि गाडीचा वक्तशीरपणा ही एकाच गरजेची दोन अंगे आहेत. त्यांतले एक अगदीच तोकडे पडले तर दुसरे कितीही चोख असून भागत नाही. रेल्वे विरुद्ध मोटार या झगड्याचा हा धडा पुढे एसटीलाही लागू पडला, फक्त उलट्या बाजूने.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला मुंबई राज्याच्या सरकारी परिवहन सेवेची पहिली गाडी धावली. मोरारजी देसाई तेव्हा राज्याचे गृहमंत्री होते. सुरुवातीच्या बेडफर्ड गाड्यांची बांधणी लाकडी होती आणि बैठकींत काथ्या भरलेला असे. पूर्ण धातूच्या बांधणीच्या गाड्या पुढे आल्या. पहिली काही वर्षे लोकांना जे मिळाले त्यात अंगाला सुख देणारे फारसे काही नव्हते. नवे होते ते असे की गाडी भरो वा न भरो, ठरलेल्या वेळी सुटणार, आणि तिकीट सर्वांना सारखे लागणार. १९६१ साली महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ आकाराला आले तेव्हा त्यात तीन प्रवाह मिळाले होते. एक मुंबई राज्याची सेवा, दुसरा नागपूरकडची प्रांतिक परिवहन सेवा आणि तिसरा मराठवाड्याची सेवा. यांतल्या मराठवाड्याच्या सेवेचे मूळ निजामाच्या राज्यात आहे. तिथे १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेनेच आपल्या एका विभागामार्फत २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली होती. रस्त्यावरची गाडी रेल्वेच्या शिस्तीत चालवायची ही कल्पना त्या भागात स्वातंत्र्याच्या आधीपासून रुजलेली होती. स्टँडवरच्या भिंतीवर रंगवलेले गाड्यांच्या वेळांचे फळे, खिडकीत बसलेला वाहतूक नियंत्रक, गाडी लागल्याची ध्वनिक्षेपकावरची पुकार, वाहकाच्या कागदावर सुटल्या-पोचल्याच्या वेळेची नोंद, या साऱ्या गोष्टी त्याच वळणाच्या आहेत.

ही वेळ खेड्यात काय करत होती ते जवळून पाहण्यासारखे आहे. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली शेवटची गाडी आडवळणाच्या गावात मुक्कामाला राही. चालक-वाहक देवळात, शाळेच्या ओसरीवर किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपत आणि पहाटे तीच गाडी परत निघे. कोणी तिला मुक्कामी गाडी म्हणे, कोणी वस्तीची. या व्यवस्थेचा मोठा गुण असा की दिवसाची पहिली फेरी दुसऱ्या कुठल्या फेरीवर अवलंबून नसे. गाडी रात्रभर गावातच असल्याने तिला सुटायला उशीर होण्याचे कारणच उरत नसे, आणि पहिली फेरी वेळेवर निघाली की पुढच्या फेऱ्याही बऱ्याच अंशी वेळेवर चालत. याच गाडीने दूध जाई, टपालाच्या थैल्या येत, वर्तमानपत्रांचे गठ्ठे येत. तालुक्याला किंवा जिल्ह्याला खोली घेऊन शिकणाऱ्या मुलांचे जेवणाचे डबेही तिनेच जात. आई पहाटे भाकरी थापून डबा बांधी, त्यावर मुलाचे नाव घातलेले असे, घरातले कोणी तो थांब्यावर आणून वाहकाच्या हवाली करी आणि मुलगा स्टँडवर येऊन उतरवून घेई. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत. गाडीला तासभर उशीर झाला तर एक मुलगा तासभर उपाशी राही, आणि गाडी आलीच नाही तर त्याचा दिवस तसाच जाई. महाराष्ट्रातल्या शिकलेल्या पहिल्या पिढीतल्या कितीतरी जणांचे शिक्षण या वेळापत्रकाच्या भरवशावर झाले. एसटीवर जडलेला जिव्हाळा भावनेचा आहे असे आपण म्हणतो, पण त्या भावनेखाली रोज पाळला गेलेला शब्द होता.

दिवसातून तीनदाच गाडी येणाऱ्या गावात उशिराची किंमत मिनिटांच्या सरासरीने मोजता येत नाही. समजा, गावातून नऊला गाडी आहे, तालुक्याला पोचायला तास लागतो आणि साडेदहाला शाळा किंवा अकराला कचेरी गाठायची आहे. पाचांतले चार दिवस गाडी वेळेवर आली आणि एक दिवस तासभर उशिरा आली तर सरासरी उशीर बाराच मिनिटांचा भरतो. कागदावर हा आकडा वाईट दिसत नाही. प्रवाशाला मात्र ही पाचवी गाडी कोणत्या दिवशी येणार हे ठाऊक नसते. म्हणून त्याला पाचही दिवस आधीची, सातची गाडी धरावी लागते किंवा दुसरी सोय बघावी लागते. एका दिवसाच्या उशिराचा दंड तो रोज दोन तासांनी भरतो. त्याहून वाईट म्हणजे वेळेआधी सुटलेली गाडी. दहा मिनिटे उशिरा येणारी गाडी दहा मिनिटांचे नुकसान करते, पाच मिनिटे आधी गेलेली गाडी पुढच्या गाडीपर्यंतचे सगळे तास खाते. आणि फेरीच रद्द झाली तर तिचा उशीर कोणत्याही सरासरीत मावत नाही, कारण न आलेल्या गाडीची मिनिटे मोजणार कशी? ज्या मार्गावर गाड्या कमी, तिथे बेभरवशाचा फटका जास्त, हे सूत्र त्यामुळेच पक्के धरावे लागते.

शहरातला हिशेब वेगळा आहे. मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. तिथला प्रवासी वेळापत्रक पाहून घरातून निघत नाही, तो थांब्यावर येतो आणि येईल ती गाडी पकडतो. त्याला गाडी दहा वाजून सात मिनिटांची आहे की अकरा मिनिटांची, याच्याशी कर्तव्य नसते. दोन गाड्यांमधले अंतर सारखे आहे की नाही, एवढेच त्याला जाणवते. दर दहा मिनिटांनी गाडी असेल तर प्रवाशाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. त्याच मार्गावर तेवढ्याच गाड्या धावत असताना अंतरे चार आणि सोळा मिनिटांची पडू लागली, तर वीसपैकी सोळा मिनिटांत आलेले, म्हणजे दर पाच प्रवाशांतले चार, मोठ्या खंडात सापडतात आणि सरासरी थांबणे जवळजवळ सात मिनिटांवर जाते. दोन गाड्या एकमेकींना चिकटूनच आल्या तर ते थेट दहा मिनिटे होते. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढेच, पगार तेवढेच, आणि सेवा मात्र निम्मी. शिवाय मोठ्या खंडानंतरची गाडी खच्चून भरलेली असते आणि तिच्या पाठची रिकामी. बहुतेक प्रवाशांच्या वाट्याला भरलेलीच गाडी येते. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा सर्वसाधारण निष्कर्ष असा की थांब्यावर काढलेले एक मिनिट प्रवाशाला गाडीत बसून काढलेल्या साधारण दोन मिनिटांइतके जड जाते. तेव्हा नियोजनाच्या तक्त्यावर किरकोळ वाटणारी ही मिनिटे रिक्षा करावी की बसची वाट पाहावी, या निर्णयात चांगलीच भरतात.

वक्तशीरपणामुळे प्रवासी येतात की प्रवाशांमुळे वक्तशीरपणा जातो, असा प्रश्न इथे कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. गर्दीच्या मार्गावरच्या गाड्यांना उशीर होतो. नुसते आकडे मांडले तर उशीर आणि प्रवासी हातात हात घालून वाढताना दिसू शकतात. गॉर्डन न्यूएल आणि रेनफ्री पॉट्स या दोघांनी १९६४ साली या प्रक्रियेचे गणित मांडले. गाडीला थोडा उशीर झाला की पुढच्या थांब्यावर जास्त माणसे जमलेली असतात, ती चढायला वेळ लागतो, उशीर वाढतो. पाठच्या गाडीला माणसे कमी मिळतात, ती लवकर निघते आणि पुढच्या गाडीला येऊन भिडते. म्हणजे छोटासा उशीर आपोआप सावरत नाही, तो वाढतच जातो. हे मान्य केले की आक्षेपाचे टोक बोथट होते. गर्दी आणि उशीर यांचा संबंध दोन्ही बाजूंनी चालतो, पण त्यांची गती सारखी नसते. गर्दीने उशीर होतो तो त्याच दिवशी, त्याच फेरीत. उशिराने प्रवासी तुटतो तो महिन्या-वर्षांच्या ओघात. एक दिवस गाडी चुकल्यावर कोणी दुचाकी घेत नाही. वर्षभर भरवसा नसला की घेतो, आणि एकदा दारात दुचाकी उभी राहिली की उद्या गाडी वेळेवर आली तरी तो स्टँडवर परतत नाही. एकाच महिन्याचा हिशेब मांडणाऱ्याला हा संबंध दिसणार नाही. इतिहास पाहणाऱ्याला तो दिसतो.

हा इतिहास सर्वांत स्पष्ट दिसतो तो वडापच्या, म्हणजे माणसे भरून नेणाऱ्या खासगी गाड्यांच्या, रूपात. पश्चिम महाराष्ट्रात वडाप, विदर्भ-मराठवाड्यात काळीपिवळी. ट्रॅक्स, जीप, पुढे मॅजिक आणि सहा आसनी रिक्षा. टप्पा वाहतुकीचा परवाना या गाड्यांकडे नव्हता, विमा आणि सुरक्षितता यांची बोंब होती, नऊ जणांच्या जागेत पंधरा जण कोंबले जात होते. तरीही १९९०च्या दशकापासून तालुक्याच्या फाट्याफाट्यावर त्यांनी बस्तान बसवले. याच गाड्या प्रत्यक्षात माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत जोरदार पुरावा वाटतात. वडापला कुठे वेळापत्रक आहे? ते तर भरल्याशिवाय हलत नाही. १९३९च्या आधीचीच पद्धत ती. मग वेळेची किंमत करणारा प्रवासी तिच्याकडे कसा गेला? याचे उत्तर फाट्यावर उभे राहून पाहिले की मिळते. वडाप डोळ्यांसमोर उभे असते. आत किती जण बसलेत, किती जागा उरल्यात, हे दिसते. गाडी सुटणार आहे एवढे तरी नक्की असते, आणि ती भरली की दुसरी नंबराला लागते. एसटी मात्र येईल की नाही हेच ठाऊक नसते. वेळापत्रकाचा भरवसा होता तोवर गाडी नजरेआड असूनही प्रवासी तिच्यासाठी थांबत होता. भरवसा गेला तेव्हा त्याने समोर दिसणारी गाडी धरली. वडापने वेळापत्रकाला हरवले नाही. वेळापत्रक मोडल्यावर रिकामी झालेली जागा त्याने घेतली.

या स्पर्धेला एसटीने दिलेले उत्तरही तपासून पाहण्यासारखे आहे. ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ ही योजना आली. वाटेत कुठेही उभ्या असलेल्या माणसाला गाडीत घेण्यात सदिच्छा होती, आणि आडरानात उभ्या म्हाताऱ्या माणसाला तिचा उपयोगही झाला. पण वडापची ताकद थांबण्यात नव्हती, पाठोपाठ मिळण्यात होती. फेऱ्या तेवढ्याच ठेवून थांबे वाढवले की आधीच गाडीत असलेल्या चाळीस जणांची वेळ जाते आणि पुढच्या गावांतल्या थांब्यांवरचा भरवसा आणखी ढासळतो. याउलट जिथे गाड्या खरोखर पाठोपाठ सोडल्या गेल्या तिथे एसटीने प्रतिष्ठा आणि प्रवासी दोन्ही कमावले. १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या आठवणीने ज्यांना एशियाड हे नाव पडले त्या निमआराम गाड्या दादर-पुणे मार्गावर थोड्या थोड्या वेळाने सुटत. तिथे गाडी किती वाजताची आहे, हा प्रश्नच मागे पडला. रांगेत उभे राहिले की गाडी मिळते, हेच तिथले वेळापत्रक झाले.

आता भाड्याचा आक्षेप, कारण तो आकड्यांच्या बळावर उभा आहे. मुंबईतल्या बेस्टच्या बसचे भाडे २०१५ मध्ये दोनदा वाढून किमान आठ रुपयांवर गेले. एकेकाळी ४० लाखांच्या वर असलेले रोजचे प्रवासी निम्म्यावर आले. ९ जुलै २०१९ रोजी किमान भाडे पाच रुपये केले आणि पाहता पाहता प्रवासी पुन्हा वाढले. एसटीतही तेच. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट लागू झाले आणि एसटीची रोजची प्रवासीसंख्या पुन्हा ५० लाखांच्या पुढे गेली. तेव्हा स्वस्त करा, लोक येतील, वेळेचे एवढे काय, असे म्हणता येते. भाड्याचा परिणाम मोठा असतो हे मान्यच केले पाहिजे, आणि गरिबाच्या हिशेबात आठ आणि पाच यांतले तीन रुपये लहान नसतात. परंतु भाडे कमी झाल्याने माणूस थांब्यापर्यंत येतो. तो टिकणार की नाही, हे तिथे गेल्यावर किती वेळ उभे राहावे लागते यावर ठरते. भाडे पाच रुपये झाल्यावरही बेस्टचा जुना चाळीस लाखांवरचा आकडा परत आला नाही. दरम्यान ताफ्यातल्या गाड्या घटत गेल्या होत्या. आणि सवलतीने वाढलेली गर्दी तेवढ्याच गाड्यांतून न्यायची म्हटले की वर सांगितलेले उशिराचे चक्र आणखी वेगाने फिरते. अर्ध्या तिकिटाचा खरा लाभ ज्या बाईला रोज कामावर किंवा शिकायला जायचे आहे तिलाच. तिला गाडी वेळेवरच हवी, कारण उशीर झाला तर वाचलेल्या तिकिटापेक्षा बुडालेला रोज मोठा असतो. सवलत आणि वक्तशीरपणा यांत निवड करायची नसते. पहिली देताना दुसऱ्याची जबाबदारी वाढते.

दुसरा आक्षेप खासगी आराम गाड्यांचा. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानंतर कंत्राटी परवान्यावरच्या या गाड्या रात्रीच्या लांब पल्ल्यावर फोफावल्या. दहाची म्हणून सांगितलेली गाडी शहरभर माणसे गोळा करत अकराला बाहेर पडते हे सर्वांना ठाऊक आहे, तरी ती भरते. यावरून वक्तशीरपणाची किंमत सगळ्या प्रवासांत सारखी नसते एवढेच सिद्ध होते. रात्रभराच्या प्रवासात झोपायला जागा, थेट गाडी आणि घराजवळचा थांबा यांना जास्त मोल असते. सकाळी सहाऐवजी सातला पोचले तरी बहुतेकांचे अडत नाही आणि असा प्रवास महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच घडतो. शाळा, बाजार, दवाखाना, कचेरी, कारखान्याची पाळी यांसाठीचा प्रवास रोजचा असतो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी घड्याळ वाट पाहत असते. एसटीचे बहुसंख्य प्रवासी या दुसऱ्या प्रकारचे आहेत. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या गाड्या मुलींसाठी सुरू झाल्या त्या शाळेच्या वेळा धरूनच, आणि त्यामागचे शहाणपण हेच होते. मुलगी अंधार पडायच्या आत घरी पोचेल एवढा भरवसा मिळाला तरच घरचे तिला सातवीच्या पुढे पाठवतात. त्या गाडीचा उशीर केवळ एका फेरीचा प्रवासी कमी करत नाही, एका मुलीची शाळा सुटू शकते.

चालकांच्या बाजूने एक आक्षेप येतो आणि तो सर्वांत गंभीर आहे. रस्ते खड्ड्यांचे, शहरांच्या तोंडाशी कोंडी, गाडी जुनी, आणि वर वेळ गाठण्याचा तगादा. मग चालकाने काय वेगाने हाकून माणसे मारायची? अजिबात नाही. पण वेळापत्रक पाळायचे म्हणजे गाडी पळवायची, असा अर्थ कोणी घेऊ नये. ज्या मार्गाला आज प्रत्यक्षात दोन तास लागतात तिथे फळ्यावर दीड तास लिहिलेला असेल तर चूक फळ्याची आहे, चालकाची नाही. खऱ्या वेळा मोजून फळा दुरुस्त करावा, शेवटच्या थांब्यावर पुढच्या फेरीआधी पुरेसा अवकाश ठेवावा, आणि वेळेआधी गाडी सोडू नये. सावकाश पण नेमकी चालणारी गाडी प्रवाशाला चालते, कारण तो तिच्या मानाने घरून निघू शकतो. लंडनमध्ये २००१ पासून बस चालवणाऱ्या कंपन्यांचे पैसे वक्तशीरपणाशी जोडले गेले तेव्हा मोजमापही असेच दुहेरी ठेवले. पाठोपाठच्या गाड्यांसाठी प्रवाशाला ठरल्याहून किती जास्त थांबावे लागले ते मोजायचे, विरळ मार्गांवर गाडी वेळेवर सुटली का ते पाहायचे. त्यानंतर तिथले बसप्रवासी पुष्कळ वाढले. मात्र त्याच काळात गाड्याही वाढल्या आणि २००३ पासून शहराच्या मध्यभागी मोटारींवर गर्दीचा आकार बसला, त्यामुळे सगळे श्रेय एका मोजमापाला देणे बरोबर होणार नाही. एवढे मात्र म्हणता येते की ज्याचा हिशेब ठेवला गेला, त्याकडे लक्ष गेले.

‘वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन’ ही घोषणा स्टँडच्या भिंतीवर वाचत महाराष्ट्राच्या दोन पिढ्या वाढल्या. लोक एसटीसाठी थांबायला तयार असतात, याचा ती पुरावा म्हणून दाखवली जाते. लोक थांबत होते हे खरेच. पण वाट पाहणे टिकते ते गाडी येणारच या विश्वासावर. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या संपात हा विश्वास पणाला लागला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांमागे खरी दु:खे होती, थकलेले पगार होते, आत्महत्या होत्या, त्यांच्याकडे डोळेझाक करून एसटीचे काहीही भले होणार नाही. त्याच वेळी करोनाने आधीच तुटलेला गाडीशी संबंध त्या महिन्यांत आणखी दुरावला, आणि ज्यांना शक्य होते त्यांनी कायमची दुसरी सोय करून घेतली. मागे उरले ते ज्यांना दुसरी सोय नव्हती असे विद्यार्थी, म्हातारे आणि बाया. या उरलेल्यांना गाडी वेळेवर देण्याची गरज नाही, ते येतीलच, असा हिशेब कोणी मनात मांडत असेल तर तो अन्यायाचा आहे आणि चुकीचाही. विद्यार्थी उद्या कमावता होईल आणि दुचाकी घेईल. आज त्याला जो अनुभव येतो त्यावर पुढच्या वीस वर्षांचे प्रवासी ठरतात.

म्हणून एसटीसाठी पहिला खर्च नव्या आरामगाड्यांवर करण्याऐवजी सकाळच्या पहिल्या फेऱ्या शाबूत ठेवण्यावर व्हावा. मुक्कामी गाडी बंद करून वाचलेला रात्रीचा भत्ता त्या गावाचे सगळे प्रवासी घालवतो. पुरेसे चालक आणि सुटे भाग म्हणजे कमी रद्द फेऱ्या, आणि कमी रद्द फेऱ्या हाच खेड्यातला खरा वक्तशीरपणा. गाडी कुठे आहे हे मोबाइलवर दाखवणारी यंत्रणा उपयोगी आहे, कारण फाट्यावर उभ्या माणसाला ती वडापसारखीच दिसणारी गाडी देते. मात्र न सुटलेली गाडी कोणताही पडदा दाखवू शकत नाही. प्रत्येक आगाराने आपल्या प्रत्येक गावाच्या फेऱ्यांपैकी किती वेळेवर सुटल्या आणि किती रद्द झाल्या, हे दर महिन्याला स्टँडवर लावावे. उत्पन्नाचा आकडा लोकांना काही सांगत नाही, हा आकडा सांगेल. १९४८ साली लाकडी बांधणीच्या, काथ्याच्या बैठकीच्या गाडीने खासगी मालकांचे उतारू मिळवले ते वेळ पाळण्याच्या बळावर. आज गाड्या त्याहून किती तरी चांगल्या आहेत. वेळ पाळणे तेवढे परत आणले, तर प्रवासी परत येण्याचे निम्मे काम झालेले असेल. ते न आणता केलेल्या बाकी सगळ्या खर्चाचा उपयोग मात्र दर वर्षी कमी कमी होत जाईल.